कांचेपलीकडचा गुरु

शस्त्रक्रिया शिकणाऱ्या तरुण वैद्याचा हात चुकूं लागला, तर शेजारीं उभा असलेला गुरु तो तत्काळ आवरूं शकतो. परंतु घरांतल्या कलहानें गांजलेल्या माणसांशीं बोलून त्यांना वाट दाखविणें हें ज्याचें काम, त्या समुपदेशकाला शिकवावें कसें? जुनी रीत अशी कीं, शिकाऊ समुपदेशकानें बंद खोलींतली बैठक आटोपावी आणि मागाहून तिचा वृत्तांत गुरूला सांगावा. या रीतींत एक मोठें वैगुण्य आहे. जें ध्यानांत आलें तेंच तो सांगणार. जें निसटलें तें वृत्तांतांतूनहि निसटणार. शिवाय चूक उमगेपर्यंत तें दुःखी कुटुंब घरीं परतलेलें असतें.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील बालमार्गदर्शन केंद्रांत या अडचणीवर निराळा उपाय योजला गेला. साल्व्हादोर मिनुशिन १९६५ सालीं तेथें संचालक झाले. १९६७ सालीं जे हेली त्यांना येऊन मिळाले. १९६९ सालीं त्यांनीं महाविद्यालयाची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना कुटुंब-समुपदेशक म्हणून शिकविण्यास आरंभ केला. हें शिक्षण पुस्तकांपेक्षां प्रत्यक्ष बैठकींतच व्हावयाचें होतें. पर्यवेक्षक शेजारच्या खोलींत एका कांचेमागें बसे. ती कांच एका बाजूनें आरसा, तर दुसऱ्या बाजूनें खिडकी. दोन्ही खोल्या टेलिफोननें जोडलेल्या असत.

समजा, मुलाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचें उत्तर आईच देत आहे आणि शिकाऊ समुपदेशकाला त्याची जाणीव नाहीं. टेलिफोन वाजतो. “मुलाला स्वतः बोलूं द्या,” एवढेंच शब्द येतात. शिकणारा खुर्ची जरा मुलाकडे वळवितो आणि संभाषणाचा ओघ बदलतो.

हें दिसतें तितकें सोपें नाहीं. टेलिफोन वारंवार वाजूं लागला, तर शिकणारा कळसूत्री बाहुली होतो आणि कुटुंबाचा त्याच्यावरील विश्वास उडतो. याच केंद्रांतील ब्राउलिओ मोंताल्वो यांनीं १९७३ सालीं लिहिलेल्या लेखांत याविषयीं मर्यादा सांगितल्या. गुरुशिष्यांनीं बैठकीपूर्वीं व नंतर बोलावें. शिष्याला हवें तेव्हां बाहेर येऊन सल्ला घेतां यावा. गुरूचा हस्तक्षेप जाचूं लागला, तर त्यानें तसें स्पष्ट सांगावें. म्हणून उत्तर ठाऊक असूनहि थोडें थांबणें ही पर्यवेक्षकाची खरी कसोटी होय. मात्र कोणाच्या जिवाला धोका दिसला, तर थांबणें हा अपराध ठरेल.

नॉर्वेंतील ट्रोम्सो येथें १९८५ सालीं टॉम आंडर्सन यांनीं याहून पुढचें पाऊल टाकलें. एका तरुण वैद्याला वारंवार बाहेर बोलावून सूचना देण्यांत आल्या. पण आंत जातांच तो त्या कुटुंबाच्या निराशेंत पुन्हां ओढला जाई. तेव्हां आंडर्सन यांनीं कांचेमागील मंडळींचेंच बोलणें ऐकण्याची इच्छा आहे काय, असें कुटुंबाला विचारलें. होकार मिळतांच दिवे व आवाज यांची अदलाबदल झाली. आतां कुटुंब ऐकूं लागलें आणि तज्ज्ञ मंडळी त्यांच्यासमोर विचार करूं लागली.

आज कांचेची जागा पुष्कळदां कॅमेऱ्यानें घेतली आहे. परंतु मूळ नियम तोच आहे. कोण पाहत आहे, कशासाठीं पाहत आहे, हें आधीं सांगून संमति घेतलीच पाहिजे. श्रोतेहो, आपणांपैकीं कोणावर असा प्रसंग आला, तर हें अवश्य विचारावें, आणि मन घेत नसेल तर नकार देण्यास संकोचूं नये. बैठक शिष्याच्या शिक्षणाची असली, तरी तिच्यांत उघडें होणारें दुःख आपलें असतें.