जांघेतील कळ : तरुण खुब्याच्या शस्त्रक्रियेचा मागोवा

खुब्याचे दुखणे हे उतारवयाचे दुखणे, ही समजूत आपल्या मुलखात इतकी खोल रुजलेली आहे की, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने जांघेत कळ येते म्हणून सांगितले, तर लचक भरली असेल, शीर आखडली असेल, चार दिवस खेळ बंद ठेवून तेल लावून शेक घ्यावा, यापलीकडे घरातील विचार सहसा जात नाही; आणि दुखणे तेवढ्याने तात्पुरते थांबत असल्यामुळे त्या समजुतीला दरवेळी नवा आधार मिळत राहतो. गेल्या शंभर वर्षांत, त्यातही २००१ नंतरच्या पाव शतकात, वैद्यकाने या कळेचे मूळ शोधून काढले आणि दुर्बिणीच्या साहाय्याने ते छाटण्याची विद्याही हस्तगत केली. त्या प्रवासाचा मागोवा धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गासारख्या आडवळणाच्या गावाहून घेण्यास एक सबळ कारण आहे, आणि ते कारण म्हणजे खो-खो.

धाराशिव जिल्ह्याने या खेळाला काय दिले हे येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. २०१६ साली दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व करणाऱ्या आणि २०२० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी ठरलेल्या सारिका काळे याच जिल्ह्याच्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली व भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली, तेव्हापासून तर गावोगावच्या शाळांच्या मैदानांवर या खेळाची उमेद अधिकच वाढलेली आहे. या खेळातील बैठक मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. आठ गडी मधल्या पाटीवर, एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडे करून, आखलेल्या चौरसांत उकिडवे बसतात; गुडघे छातीशी भिडलेले, भार पायांच्या पंजांवर, हातांची बोटे मातीला टेकलेली; आणि पाठीवर थाप पडून ‘खो’ कानी येताच त्यांतल्या एकाला क्षणार्धात उसळून धावावयाचे असते. खुबा जितका वाकू शकतो तितका या बैठकीत वाकतो, आणि त्याच अवस्थेतून सर्व जोर लावून तो उलगडतो. निर्दोष खुब्याला यात काहीच कठीण नाही. परंतु ज्या खुब्याच्या घडणीतच थोडा फरक राहून गेलेला असतो, त्याची परीक्षा नेमकी याच ठिकाणी होते.

तो फरक कोणता? मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील उखळीत फिरतो, आणि उखळीच्या काठाला कूर्चेची एक लवचिक कड असते. डॉक्टर तिला लॅब्रम म्हणतात. माथा जेथे मानेला मिळतो तेथे हाडाला आतल्या बाजूस बाक असावा लागतो. त्या बाकाच्या जागी उंचवटा राहिला तर त्यास कॅम, आणि उखळीचाच काठ वाजवीपेक्षा पुढे आलेला असला तर त्यास पिन्सर म्हणतात. पुष्कळदा दोन्ही दोष एकत्र नांदतात. मांडी पोटाशी घेऊन आत वळविली की तो उंचवटा काठाखाली शिरू पाहतो, कड चिरडते, आणि वर्षानुवर्षे हेच घडत राहिल्यास उखळीच्या आतील गुळगुळीत कूर्चाही हाडापासून सुटू लागते. वाढीच्या वयात ज्यांनी जोरकस खेळ सातत्याने खेळलेले असतात, त्यांच्यात कॅमचे प्रमाण अधिक असल्याचे बास्केटबॉल व फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या युरोपातील पाहण्यांतून दिसून आले आहे. मात्र, उंचवटा असणे म्हणजे आजार असणे नव्हे. असे कितीतरी खुबे जन्मभर बिनतक्रार चालतात, हे प्रारंभीच ध्यानात ठेवलेले बरे.

सांध्यात दुर्बीण घालून पाहण्याची कल्पना जुनी आहे. तोक्योत केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात मूत्राशय पाहण्याची नळी घालून पाहिली; न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृतदेहांचे अनेक सांधे तपासून आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली, परंतु खुब्याच्या बाबतीत माथा आणि उखळ यांच्या मधोमध सुई शिरणे अशक्यच, असा निर्वाळा त्यांनी दिला. १९३९ मध्ये ताकागींनी चार रुग्णांच्या खुब्यांचा वृत्तान्त दिला खरा, पण पुढे ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ही विद्या नावारूपास आणली ती गुडघ्यावर. खुबा मांसाच्या जाड थरांखाली दडलेला आणि उखळीत घट्ट बसलेला; त्यामुळे गुडघ्याची दुर्बीण जगभर पोहोचली तरी खुब्याची दुर्बीण कित्येक दशके मोजक्या हातांतच राहिली.

दुसरीकडे, आजाराची ओळख पटण्यासही तितकाच विलंब लागला. मांडीच्या हाडाची मान उखळीच्या पुढच्या काठावर आदळते म्हणून वेदना होते, हे बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९३६ मध्येच लिहून ठेवले होते. १९६५ मध्ये मरे यांनी आणि १९७५ मध्ये स्टुलबर्ग यांनी, उतारवयात झिजणाऱ्या पुष्कळ खुब्यांत तारुण्यापासूनच आकाराचा दोष असतो, असे क्ष-किरणचित्रांवरून दाखविले. परंतु हे सुटे धागे एकत्र विणण्याचे श्रेय स्वित्झर्लंडमधील बर्न येथील राइनहोल्ड गान्झ यांचे. माथ्याला रक्त पुरविणारी धमनी कोठून जाते याचा बारकाईने अभ्यास करून, ती न दुखावता खुबा उखळीबाहेर काढण्याची पद्धत त्यांनी बसविली, आणि २००१ मध्ये २१३ खुब्यांचा अनुभव मांडताना त्यांपैकी एकाही माथ्याचा रक्तपुरवठा तुटून तो मृत झाला नाही, असे नमूद केले. २००३ मधील त्यांचा लेख सहाशेहून अधिक शस्त्रक्रियांच्या आधारावर उभा होता, आणि खुब्याच्या झिजेमागे ही घासण हे एक प्रमुख कारण आहे, असे त्यात त्यांनी निःसंदिग्धपणे प्रतिपादन केले. माझ्या मते या सबंध इतिहासातील खरी झेप ही होय. दुर्बिणीचे कौशल्य त्यामागून आले. काय छाटावयाचे हेच जोवर ठाऊक नव्हते, तोवर किती लहान छिद्रातून छाटावयाचे या प्रश्नाला अर्थ नव्हता.

गान्झ यांची शस्त्रक्रिया मोठी होती. तीत मांडीच्या हाडाचा वरचा, बाहेरच्या बाजूचा कंगोरा कापून पुन्हा स्क्रूने बसवावा लागे. तेच काम दोन-तीन छोट्या छिद्रांतून करण्याची घडी पुढील दहा-पंधरा वर्षांत बसली. रुग्णाला भूल देऊन पाय विशिष्ट टेबलाला बांधून ओढतात, तेव्हा माथा उखळीपासून सेंटिमीटरभर दूर होतो. बर्मन यांना अशक्य वाटलेली फट ती हीच. पडद्यावरील क्ष-किरणांच्या चित्रावर नजर ठेवून सुई आत नेतात, तिच्या वाटेने सत्तर अंशांचे भिंग असलेली दुर्बीण घालतात, खारे पाणी सोडून आतील भाग स्वच्छ दिसू लागला की फाटलेली कड हाडात बसविलेल्या बारीक अँकरांच्या दोऱ्यांनी शिवतात, आणि मग ओढ सैल करून, खुबा वाकवून, ‘बर’ नावाच्या फिरत्या हत्याराने उंचवटा घासून काढतात. ओढ फार वेळ ठेवल्यास जांघेतील नसांवर ताण येऊन बधिरता येते, म्हणून ती दोन तासांच्या आत सोडण्याचा दंडक आहे. रुग्ण कुबड्यांवर घरी जातो. मैदानावर परतण्यास मात्र बहुधा चार ते सहा महिने लागतात, आणि हा काळ फिजिओथेरपीच्या चिकाटीचा असतो.

यश आले तसा अतिरेकही झाला. पाश्चात्त्य देशांत या शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने वाढली आणि पुरावा मागे पडला. ती उणीव भरून काढणाऱ्या चाचण्या २०१८ पासून हाती आल्या. ब्रिटनमधील २३ रुग्णालयांतील ३४८ रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रिया झालेले आणि नीट आखलेली व्यायामचिकित्सा घेतलेले असे दोन्ही गट वर्षभरात सुधारले. शस्त्रक्रियेच्या गटाची सुधारणा शंभरपैकी सुमारे सात गुणांनी अधिक भरली. दुसऱ्या एका ब्रिटिश चाचणीत, २२२ रुग्णांत, आठ महिन्यांनी हा फरक दहा गुणांचा आढळला. तर अमेरिकी लष्करातील ८० जणांच्या चाचणीत दोन वर्षांअखेर उल्लेखनीय फरकच दिसला नाही. खेळाडूंचे अनुभवही असेच दुहेरी आहेत. टेनिसपटू अँडी मरे यांच्या खुब्यावर जानेवारी २०१८ मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि सुमारे वर्षभरानंतर त्यांना माथ्यावर धातूचे आवरण बसवून घ्यावे लागले. उलट आपले टेनिसपटू सुमित नागल २०२१ मधील खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर सावरले आणि जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नला त्यांनी मानांकित खेळाडूस नमविले. सांध्यातील फट दोन मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, म्हणजे झीज आधीच पुढे गेली असेल, तर दुर्बिणीचा उपयोग होत नाही, हा धडा या सर्वांतून पक्का झाला. वेळ हाच या उपचाराचा प्राण आहे.

आणि वेळेचाच प्रश्न नळदुर्गाला भेडसावतो. १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाकडून कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला, तेव्हा इंग्रज अधिकारी मेडोज टेलर यांनी जिल्ह्याचे दप्तर याच गावात ठेवले होते. पुढे मुलूख परत गेला, कालांतराने जिल्ह्याचे ठाणेही धाराशिवास हलले, आणि आता मोठ्या उपचारासाठी गावाबाहेरच जावे लागते. हैदराबाद संस्थानावरील कारवाईत १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज ज्या रस्त्याने सोलापुराहून नळदुर्गावर आली, त्याच रस्त्याने आज येथील रुग्ण उलट दिशेने, पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, सोलापूर गाठतो. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, धाराशिवासही २०२२ पासून झाले. परंतु खुब्याच्या दुर्बिणीचे नित्य काम करणारे हात बहुतांशी पुण्या-मुंबईकडेच आहेत.

शिवाय, आपल्याकडे तरुण खुबा दुखू लागला की घासणीच्या आधी दोन गोष्टींची शहानिशा करावीच लागते. पहिली म्हणजे सांध्याचा क्षय: सायंकाळचा ताप, वजनातील घट, रात्रीची वेदना. दुसरी म्हणजे रक्तपुरवठा खंडित होऊन माथा मृत होणे. कोविडच्या काळात स्टिरॉइड घेतलेल्या तिघा रुग्णांत हे घडल्याचे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये नोंदविले, तेव्हापासून या आजाराकडे लक्ष अधिक वेधले गेले. या दोहोंत महिनाभराचा विलंबही महागात पडतो. म्हणून जांघेतील कळ केवळ लचक समजून सोडून देणे, कारण कोणतेही असो, हानिकारकच.

सुदैवाने पहिली पायरी नळदुर्गातच चढता येते, आणि तिला दुर्बीण लागत नाही. मुलाला उताणे निजवून गुडघा काटकोनात वाकवावा, मांडी पोटाकडे न्यावी, मग गुडघा आतल्या बाजूस आणून पाऊल बाहेर फिरवावे. त्या क्षणी जांघेत ओळखीची कळ आली तर घासणीचा संशय घ्यावा. या एका चाचणीने निदान होत नाही. लक्षणे, तपासणी आणि चित्र या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे, हे २०१६ मध्ये इंग्लंडमधील वॉरिक येथे जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने ठरविले. चित्रासाठी दोन्ही खुब्यांचा साधा एक्स-रे आणि डन नावाचा वाकविलेल्या पायाचा एक्स-रे, एवढे पुरेसे असते. ते तालुक्याच्या गावीही निघू शकतात. त्यानंतर किमान तीन महिने कंबर, पोट आणि नितंबांच्या स्नायूंचा पद्धतशीर व्यायाम, खोल बैठकीला तात्पुरता विराम, आणि तरीही कळ कायम राहिली तरच शस्त्रक्रियेचा विचार, हा क्रम सोडू नये.

म्हणून नळदुर्ग-तुळजापूर परिसरातील क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे की, खो-खोच्या बैठकीतून उठताना ज्या मुलाचा किंवा मुलीचा हात वारंवार जांघेकडे जातो, त्यांना पुढच्या सामन्यासाठी दामटू नये. तीन आठवड्यांत कळ न थांबल्यास घरच्या माणसांना बोलावून त्या मुलाची अस्थिरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, आणि निघालेला एक्स-रे घरात जपून ठेवण्यास सांगावे, कारण पुढील डॉक्टरांना तुलनेसाठी त्याचीच गरज भासते.