निदेशकाचा हात

आयटीआयच्या ट्रेडची अभ्यासक्रम-पुस्तिका उघडली की प्रात्यक्षिकांच्या याद्या सुरू होण्याआधी निदेशकाच्या पात्रतेचा तक्ता लागतो. अभियांत्रिकीची पदवी असेल तर एक वर्षाचा अनुभव हवा, पदविका असेल तर दोन वर्षांचा, आणि त्याच ट्रेडचं राष्ट्रीय प्रमाणपत्र असेल तर तीन वर्षांचा. त्याखाली एक छोटी टीप असते. एका युनिटला दोन निदेशक असतील, तर एक पदवी किंवा पदविका घेतलेला असावा, दुसरा ट्रेडचं प्रमाणपत्र घेतलेला. आणि शिकवावं कसं याचं प्रशिक्षण मात्र दोघांनीही घेतलेलं असावं. आपल्या व्यवसाय शिक्षणात आजवर झालेल्या नियमांमध्ये ही टीप मला सर्वांत शहाणपणाची वाटते. इथवर पोचायला बराच काळ गेला, आणि तिचं मोल आपण पुरतं ओळखलं आहे असं अजूनही म्हणवत नाही.

मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, बडोद्यात १८९० साली सयाजीराव गायकवाडांनी कलाभवन काढलं. कारागिरी शाळेत शिकवता येते, हेच त्या काळी नवं होतं. शिकवणाऱ्याकडे कोणतं प्रमाणपत्र असावं, याचा साचा ठरलेला नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत, हे तिथे लक्षात आलं आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला गेले, सायकलींचं दुकान चालवलं, मग लोखंडी नांगर घडवला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. हाताला यंत्र कळणारा शिक्षक संस्थेतून निघून जातो तेव्हा संस्था किती गमावते, याचं याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही.

निदेशक तयार करण्याची रीतसर व्यवस्था स्वातंत्र्यानंतर आली. १९४८ साली बिलासपूरजवळ कोनी इथे निदेशकांच्या प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था निघाली, १९५० साली देशभर शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, आणि साठच्या दशकात मुंबईतही चुनाभट्टीला निदेशकांसाठी केंद्रीय संस्था उभी राहिली. आज तिचं नाव राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे. त्या वेळी कुशल माणूस मिळायचा तो परळ-माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपांत, गिरण्यांच्या दुरुस्ती खात्यांत आणि खडकी-अंबरनाथच्या ऑर्डनन्स कारखान्यांत. शिकवण्याचा अनुभव त्याच्यापाशी नसायचा, म्हणून तो देण्यासाठी या संस्था होत्या. कामाचा माणूस आधी, शिक्षकपण त्यावर, असा तो क्रम होता.

कारखानदारांनीही तो मानला. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला, आणि १९६६ च्या सुमारास टेल्कोने पिंपरी-चिंचवडला पाय रोवले तेव्हा गाड्या बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी तिथे प्रशिक्षण विभाग आणि मशीन टूल विभाग उभे राहिले. ‘टेल्कोचा अप्रेंटिस’ म्हटलं की पुण्यातला वर्कशॉपवाला पुढचं विचारत नसे, इतकी त्या शिक्षणाची पत होती.

नंतर विस्तार झाला. १९८४ साली महाराष्ट्रात व्यवसाय शिक्षणाचं स्वतंत्र संचालनालय झालं, आयटीआय जिल्ह्यातून तालुक्यात पोचल्या, आणि आज राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. शेतकऱ्याच्या, मजुराच्या मुलाला घराजवळ ट्रेड शिकता येऊ लागला, ही फार मोठी गोष्ट आहे. निदेशकाचा प्रश्न मात्र इथेच अवघड झाला. ज्या तालुक्यात एमआयडीसी नाही, तिथे अनुभवी टर्नर कुठून आणायचा? तासिका तत्त्वावरच्या मानधनासाठी चांगला वेल्डर साइटवरची मजुरी सोडून का येईल? मग नुकताच पदविका होऊन नोकरीची वाट पाहणारा तरुण येतो. तो मनापासून शिकवतो, पण कारखान्यात त्याचे हात फारसे मळलेले नसतात. दोष त्याचा नाही, आपण देऊ केलेल्या पगाराचा आहे.

पदवीवाल्याला काहीच येत नाही आणि मिस्त्रीला सगळं येतं, असं सरसकट बोलण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ती मला मान्य नाही. वेल्डिंगचंच पाहा. जुना वेल्डर आर्कचा आवाज ऐकून सांगतो की इलेक्ट्रोड लांब धरला आहे. मुलाचं मनगट धरून तो रन ओढायला शिकवतो, अंडरकट पडला तर वेग चुकला की करंट, हे पाहताक्षणी ओळखतो. हे कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. पण जाड पोलादाच्या कामाआधी इलेक्ट्रोड भट्टीत का तापवायचे, हे विचारलं तर ‘तसंच करतात’ एवढंच उत्तर अनेकदा येतं. ओलीतून हायड्रोजन सुटतो, तो जोडात शिरतो आणि काम झाल्यावर कित्येक तासांनी तिथे भेग पडू शकते, हे सांगणारा माणूस मुलाला लागतोच. कारण उद्या त्याला दाबाखाली चालणारी टाकी जोडायची असते, आणि तिथे सवय पुरत नाही. त्या टिपेतले दोन निदेशक याचसाठी दोन असतात.

अनुभवाच्या मोजमापाबद्दल मात्र आपण फार ढिले राहिलो. तक्ता वर्षं मोजतो. तीन वर्षं एकाच प्रेसवर एकच पत्रा दाबणारा आणि तीन वर्षं टूलरूममध्ये डाय बसवणारा, दोघांची पत्रं कंपनीच्या लेटरहेडवर सारखीच दिसतात. वीस वर्षं मोटारी उघडणारा, पण प्रमाणपत्र नसलेला मिस्त्री तर या तक्त्यात बसतच नाही. शिवाय अनुभव शिळाही होतो. नव्वदच्या दशकात कारखाना सोडून आलेल्या मशिनिस्टने तेव्हाचं लेथ पाहिलं होतं. आज त्याचा विद्यार्थी ज्या शॉपमध्ये जाणार आहे तिथे सीएनसी आहे. त्याला परत कारखान्यात पाठवण्याची सोय आपण नियमाने केलीच नाही. २०१६ मध्ये दुहेरी प्रशिक्षण पद्धत आली. त्यात मुलगा काही काळ आयटीआयत, काही काळ उद्योगात शिकतो. मुलासाठी हा विचार झाला, निदेशकासाठी तितक्या निकराने झाला नाही.

वरच्या पायरीवर तर उलटं चित्र आहे. पदविका शिकवणाऱ्या तंत्रनिकेतनातल्या अधिव्याख्यात्यासाठी तंत्रशिक्षण परिषदेचे २०१९ चे निकष प्रथम वर्गाची पदवी मागतात, कारखान्यातलं एक वर्षही सक्तीचं करत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद आणलं: किमान पंधरा वर्षांचा अनुभव, पदवीची अट नाही, मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत. ते स्वागतार्ह आहे. पण तेही मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं आहे. टूलरूमच्या फोरमनसाठी असं दार तंत्रनिकेतनात अजून उघडलेलं नाही.

या सगळ्या वाटचालीत पाबळचा विज्ञान आश्रम मला वेगळा वाटतो. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेले आणि हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली त्या दुष्काळी गावात जाऊन राहिले आणि शाळा सुटलेल्या मुलांना काम करत शिकायला लावलं. सर्वोच्च पदवी असलेल्या माणसाने हाताच्या कामाला पहिला मान दिला. पदवी आणि हात यांत भांडण लावण्याची गरज नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

माझं मत स्पष्ट आहे. ट्रेडच्या निदेशकाची भरती केवळ लेखी परीक्षेच्या गुणांवर आणि अनुभवाच्या पत्रावर होऊ नये. उमेदवाराला अर्धा दिवस मशीनवर उभं करावं, जॉब करायला द्यावा, आणि तोच जॉब मुलांना समजावून सांगायला लावावा. नोकरीत आलेल्या प्रत्येक निदेशकाला दर तीन-चार वर्षांनी काही आठवडे पगारी कारखान्यात पाठवावं. शासनाने हे नियमात आणायला हवं. पण ज्या वाचकांचं स्वतःचं वर्कशॉप आहे, त्यांना आदेशाची वाट पाहण्याचं कारण नाही. जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा आणि एका निदेशकाला महिनाभर तुमच्या मशीनवर काम करू द्या.