कर्सर लगेच येतो, विचार मागाहून येतो

फोन येतो म्हणून प्रोग्रामर जागेवरून उठतो. परत येईपर्यंत पाऊण तास गेलेला असतो. मधल्या वेळात संगणक अपडेट होऊन आपला आपण बंद-चालू झालेला असतो. कोड एडिटर उघडावा तर समोर कोरी खिडकी! कोणती फाइल उघडी होती, कितव्या ओळीवर काम थांबले होते आणि तिथे नेमके काय बदलायचे होते, हे सगळे आता आठवत बसायचे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी यंत्राला सांभाळता येतात. त्यांच्यासाठी माणसाची स्मृती खर्ची घालण्यात काही अर्थ नाही.

ही सोय जवळजवळ प्रत्येक एडिटरमध्ये असते, फक्त ती शोधावी लागते. व्हीएस कोडच्या सेटिंगमध्ये ‘रिस्टोअर विंडोज’ असे शोधले की पर्याय दिसतात. तिथे ‘नन’ निवडलेले असेल तर एडिटर दर वेळी कोराच उघडणार. ‘ऑल’ निवडले की बंद करताना उघड्या असलेल्या खिडक्या पुन्हा समोर येतात. जुन्या वळणाचा विम एडिटर शेवटची जागा एका लपलेल्या फाइलीत लिहून ठेवतो. विम उघडून एकेरी अवतरणचिन्ह आणि शून्य ही बटणे दाबली, की तो शेवटच्या फाइलीत, शेवटच्या ओळीवर नेऊन सोडतो. ईमॅक्समध्ये ही दोन वेगळी कामे धरली आहेत. ‘डेस्कटॉप सेव्ह मोड’ जुन्या फाइली उघडतो, तर ‘सेव्ह प्लेस मोड’ प्रत्येक फाइलीतली कर्सरची जागा लक्षात ठेवतो. एकदा पाच मिनिटे देऊन हे लावून टाकावे.

तिसरी गोष्ट मात्र यंत्राकडे नसते. क्रिस पार्निन आणि स्पेन्सर रुगाबर या अमेरिकी संशोधकांनी 86 प्रोग्रामरांच्या कामाच्या सुमारे 10,000 सत्रांच्या नोंदी तपासल्या. खंडानंतर एका मिनिटाच्या आत पुन्हा कोड लिहायला लागल्याचे प्रमाण अवघे 10 टक्के निघाले. बहुतेक जण आधी इकडच्या तिकडच्या फाइली उघडून पाहत, मागचे वाचत आणि मग कुठे पहिली ओळ बदलत. म्हणजे जागा सापडली तरी काम लगेच सुरू होत नव्हते.

याचे कारण मेंदूच्या रचनेत आहे. हातातले काम जिच्यात धरून ठेवले जाते ती कार्यस्मृती फार लहान असते. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये तिची मर्यादा साधारण चार घटकांवर आणून ठेवली. फोनवरचे बोलणे सुरू झाले की आधीचे घटक तिथून हलतात. ते सगळेच पुसले जात नाहीत, पण परत आणायला धागा लागतो. शेवटची उघडी फाइल हा असा एक धागा आहे. अनुभवी प्रोग्रामर आणखी एक धागा स्वतः ठेवतात. उठण्यापूर्वी ते कोडमध्ये मुद्दाम एक चुकीची ओळ लिहून जातात. परतल्यावर प्रोग्राम चालवायला घेतला की तो नेमका तिथेच अडतो आणि काय राहिले होते ते आठवते. दिसायला ओबडधोबड, पण मेंदूला जे हवे तेच देणारी युक्ती.

अर्धवट काम मनात टोचत राहते, मग ते आपोआप आठवेलच, असा एक समज आहे. 1927 मध्ये ब्लूमा झायगार्निक यांनी बर्लिनमधल्या प्रयोगांवरून मांडले, की अपुरी कामे पुऱ्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. नंतरच्या चाचण्यांत हा निष्कर्ष सगळीकडे टिकला नाही. त्यांच्याच सहकारी मारिया ओव्हसिआंकिना यांचा निष्कर्ष जास्त भक्कम ठरला: थांबवलेल्या कामाकडे माणूस स्वतःहून वळतो. वळण्याची ओढ असते, पण तपशील हाताशी असतीलच असे नाही.

प्रोग्रामरचे यात फार तर अर्धा तास जातो. वॉर्डात हिशेब वेगळा असतो. परिचारिका औषधांची फेरी करत असते. तेवढ्यात एक नातेवाईक सलाईन संपल्याचे सांगतो, पलीकडे फोन वाजतो. जोहाना वेस्टब्रूक आणि सहकाऱ्यांनी सिडनीच्या दोन रुग्णालयांत 98 परिचारिकांचे 4,271 वेळचे औषध देणे पाहिले. त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा काम मध्येच तोडले गेले होते. व्यत्यय एकाने वाढला की प्रत्यक्ष औषधातल्या चुका 12.7 टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. चुकीची मात्रा किंवा चुकीचे औषध हे त्यातलेच प्रकार. 2010 मधला हा अभ्यास निरीक्षणाचा होता, त्यामुळे सगळा दोष व्यत्ययावरच टाकता येणार नाही. तरी औषध देणाऱ्याशी मध्येच न बोलण्याला त्यातून पुरेसे कारण मिळते. रुग्णाच्या घरच्यांनी दोन मिनिटे थांबून विचारले तर बिघडत नाही. अर्थात श्वास लागला असेल, छातीत दुखत असेल, तर थांबायचे नाही.

आणि व्यत्यय आलाच, तर इथे सोडलेल्या जागेवरून पुढे जायचे नसते. नाव, औषध, मात्रा, वेळ, देण्याचा मार्ग हे सारे पहिल्यापासून पुन्हा पडताळायचे असते. एडिटरची सोय इथे उलटते. वॉर्डातल्या एकाच संगणकावर दिवसभरात अनेक हात फिरतात. त्यावर शेवटचा केसपेपर आपोआप उघडू लागला, तर सात नंबरच्या खाटेचे औषध आठ नंबरच्या नावावर लिहिले जायला वेळ लागणार नाही. त्यातून आडनाव सारखे असले तर बघायलाच नको. तिथे खिडकी कोरीच उघडायला हवी, आणि घाई कितीही असली तरी रुग्णाचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक दर वेळी नव्याने टाइप करायला हवा.