पर्जन्यमापकाच्या नोंदींसाठी तयार तक्ता

स्वयंचलित पर्जन्यमापक रोजच्या पावसाची नोंद स्वतः ठेवतो व ती सीएसव्ही फाइलच्या रूपाने संगणकावर उतरवून घेता येते. परंतु तारखा व आकडे यांच्या त्या लांबलचक रांगेवरून पेरणीचा निर्णय घेणे कठीण जाते. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर तिफण धरावी आणि पुढे तीन आठवडे आभाळ कोरडे राहून दुबार पेरणीचा खर्च अंगावर यावा, हा अनुभव कोरडवाहू मुलुखात नवा नाही. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असा सल्ला कृषि विभाग देत असतो. हा पाऊस आपल्या शिवारात किती दिवसांत झाला, हे आलेख पाहताच ध्यानी येते.

दर आठवड्यास नव्याने आलेख काढीत बसणे मात्र व्यर्थ होय. स्प्रेडशीटमध्ये एकदाच रिकामा तक्ता सूत्रांसह व आलेखासह तयार करून तो टेम्प्लेट म्हणून जतन करावा. मग उघडताना प्रत्येक वेळी त्याची नवी प्रत मिळते आणि मूळ तक्ता बिघडत नाही.

या तक्त्यात दोन शीट असावीत. पहिले कच्च्या नोंदींचे. त्यात यंत्रातील तारीख व पाऊस हे दोन रकाने जसेच्या तसे चिकटवावेत, तेथे खाडाखोड करू नये. दुसरे शीट हिशेबाचे. यात १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंतच्या १२२ तारखा आपणच आधी लिहून ठेवाव्यात व व्हीलूकअप सूत्राने, अचूक जुळणीची अट घालून, त्या त्या तारखेचा पाऊस कच्च्या नोंदींतून आणावा. असे करण्याचे कारण महत्त्वाचे आहे. बॅटरी उतरल्यामुळे यंत्र चार दिवस बंद राहिले, तर फाइलमध्ये त्या दिवसांच्या ओळीच नसतात. नुसती फाइल आलेखास जोडली तर ते दिवस गळून पडतात व कोणाच्या लक्षातही येत नाही. तारखेने जुळवणी केली म्हणजे तेथे सूत्र त्रुटीची खूण दाखविते. नोंद नसणे आणि पाऊस नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या जागी शून्य भरण्याचा मोह कार्यकर्त्यांनी कटाक्षाने टाळावा.

तारखेच्या मांडणीनेही फसगत होते. ०७/०६ ही ७ जून असताना अमेरिकी पद्धतीवर लावलेला संगणक ती ६ जुलै समजतो. म्हणून फाइल आत घेतानाच दिवस, महिना, वर्ष हा क्रम निवडावा. तारखेसोबत वेळही नोंदलेली असल्यास ती वेगळी काढावी, अन्यथा जुळवणी होत नाही.

पुढच्या रकान्यात त्या तारखेपर्यंतची एकूण बेरीज समइफ सूत्राने घ्यावी व त्याशेजारी सर्व ओळींत ७५ हा आकडा भरावा. आलेखात रोजचा पाऊस उभ्या स्तंभांनी दाखवावा. बेरीज व ७५ ची आडवी रेषा उजव्या अक्षावर घ्यावी. बेरजेची रेषा ७५ ओलांडते तो दिवस स्पष्ट दिसतो. तथापि तेवढ्यावर विसंबू नये. हाच पाऊस महिनाभर तुरळक सरींनी पडला असेल, तर जमिनीत पेरणीजोगी ओल नसते. रेषा पायरीपायरीने चढली की एकदम, हे पाहावे आणि मग शेतात खड्डा करून ओल तपासावी. २.५ मिलीमीटर किंवा अधिक पाऊस झालेला दिवस हवामान खाते पावसाचा दिवस मानते. असे दिवस काउंटइफ सूत्राने मोजता येतात.

विहिरीच्या पाण्याची पातळी नोंदली जात असल्यास तिच्यासाठी दुसरा आलेख करावा. पाणी जमिनीपासून किती खोल आहे हे आपण मोजतो, म्हणून उभा अक्ष उलटा करावा. नाहीतर विहीर भरत असता रेषा खाली उतरताना दिसते व पाहणारा गोंधळतो. हिवरे बाजार येथे पावसाच्या मोजणीवरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. तशा कामास हे दोन्ही आलेख उपयोगी पडतील. दर सोमवारी त्यांची छापील प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी व नोंद नसलेले दिवस तिच्यावर पेनाने ठळक दाखवावेत.