सरकत्या दारावरचा ओरखडा : धातूचा की लेपाचा?

दिवाणखाना आणि बाल्कनी यांच्यामधील ॲल्युमिनियमच्या सरकत्या दारावर चरा उमटला, की लोखंडाच्या अनुभवावरून आता तेथून गंज धरणार असे गृहीत धरले जाते. परंतु गंज हा लोहाचा ऑक्साइड असल्यामुळे ॲल्युमिनियमला तो धरूच शकत नाही, उलट उघड्या पडलेल्या धातूवर हवेतील ऑक्सिजनमुळे काही नॅनोमीटर जाडीचा संरक्षक थर जवळजवळ तत्क्षणी तयार होतो. याचा अर्थ चऱ्याकडे दुर्लक्ष करावे असा मात्र नाही. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेतील क्लोराइड हा थर जागोजाग भेदतात, तेथे पांढरी भुकटी साचून बारीक खड्डे पडतात, आणि काही वेळा रंगलेपाखाली दोऱ्यासारख्या नागमोडी रेषांनी क्षरण पसरत जाऊन लेप उचलला जातो. म्हणून जो चरा नागपुरात केवळ डोळ्यांना खुपतो, तो मालवणात लवकर बुजवावा लागतो.

दुरुस्तीतील बहुतेक चुकांचे मूळ, दिसणारा पृष्ठभाग म्हणजेच धातू, या समजुतीत असते. कारागीर ज्याला ‘सेक्शन’ म्हणतात त्या पोकळ पट्टीवर बहुधा दोनपैकी एक आवरण असते. ॲनोडायझिंगमध्ये आम्लाच्या द्रावणात विद्युतप्रवाह सोडून धातूच्याच पृष्ठभागाचे ऑक्साइडमध्ये रूपांतर केले जाते आणि तो थर साधारण १० ते २५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तितके हजारांश, जाड असतो. पावडर कोटिंगमध्ये विद्युतभारित रंगभुकटी फवारून ती सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजली जाते आणि तिची जाडी ६० ते ८० मायक्रॉनच्या आसपास भरते. दोन्ही आवरणे विजेची दुर्वाहक असल्याने मल्टिमीटरची दोन्ही टोके चऱ्यात हलकेच टेकवली आणि तो वाजला, तर चरा धातूपर्यंत पोहोचला आहे असे समजावे.

पातेले राखेने घासले की लखलखते, हा घरोघरीचा अनुभव येथे घातक ठरतो, कारण राखेतील अल्कली ऑक्साइडचा थर विरघळवते म्हणूनच ती लकाकी येते, आणि दाराच्या बाबतीत तो थर हेच तर संरक्षण असते. तारेच्या घासणीने लोखंडाचे कण रुततात, पुढे ते कणच गंजतात, आणि दोष मात्र ॲल्युमिनियमच्या माथी येतो! खोबरेल तेलाने चरा दिसेनासा होतो, भरत नाही. वर धूळ चिकटते ती वेगळीच.

पावडर कोटिंगवरील चरा साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, बारीक पॉलिशपेपरने केवळ त्याच्या कडा मऊ करून, ॲल्युमिनियमसाठीचा प्रायमर आणि जुळत्या छटेचा रंग बारीक कुंचल्याने चऱ्यापुरताच भरून बुजवता येतो. प्रायमर वगळल्यास उघड्या धातूवर साधा रंग नीट धरत नाही आणि त्याचे पापुद्रे निघतात. ॲनोडायझिंगचा थर मात्र घरात पुन्हा वाढवता येत नाही, त्यासाठी सेक्शन काढून टाकीतच बुडवावा लागतो.

पोच्याविषयी मोटारीच्या पत्र्यावरून काढलेले निष्कर्ष फसवे असतात. पत्रा रुंद आणि पातळ असल्याने ओढून वर येतो. सेक्शन ही आतून कप्पे असलेली नळी असल्याने रबरी चोषकाने ओढून तिचा पोचा सहसा निघत नाही, आणि ठोकून काढू पाहिल्यास धातू कडक होऊन तडकतो. ज्योतीने तापवणे त्याहून वाईट, कारण सेक्शनला ताकद सुमारे १७५ ते २०५ अंशांवर काही तास ठेवून दिलेली असते. त्याहून जास्त तापल्यास ती उतरते, लेप करपतो, आणि ॲल्युमिनियम वितळण्यापूर्वी लाल होत नसल्याने डोळ्यांना इशाराही मिळत नाही. उथळ पोचा दोन घटकांच्या पुट्टीने भरून रंगवणे, आणि चौकट वाकली असल्यास तो भाग बदलणे, एवढेच मार्ग उरतात.

खालच्या ट्रॅकवरील पोचा दिसत नाही, पण दार अडते ते बहुधा त्यामुळेच. त्यावर स्टेनलेस स्टीलची पट्टी बसवता येते. मात्र दाराखालची झिजलेली चाके न बदलल्यास ती याही पट्टीवर अडखळतच फिरतात.