पायाखालचं माप कोपरात असतं

साठ किलो वजनाच्या माणसाच्या दोन्ही पायांचा गुडघ्याखालचा भाग, पावलांसकट, किती किलोचा असेल? अंदाज करा. जवळजवळ सात किलो! म्हणजे एकूण वजनाच्या साधारण बारा टक्के. पावलं जमिनीवर नीट टेकलेली असतात तोवर हे सात किलो जमीन सांभाळते. पण खुर्ची थोडी उंच झाली, टाचा सुटल्या, की तेच वजन खुर्चीच्या पुढच्या कडेवर लोंबकळायला लागतं. ती कड रुतते मांडीच्या मागे, गुडघ्याच्या जरा वर.

आणि तिथून काय काय जातं! पायाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी, तेच रक्त परत नेणारी मुख्य शीर आणि पोटरीपासून पावलापर्यंतच्या संवेदना वाहणारे मज्जातंतू, सगळे याच वाटेने. दुपारी चारच्या सुमारास पायाला मुंग्या येतात आणि संध्याकाळी मोज्याचा वळ पोटरीवर उमटलेला दिसतो, त्याचं मूळ बरेचदा या एवढ्याशा जागेत असतं.

ही कड किती महागात पडू शकते, हे लंडनने १९४० साली पाहिलं. जर्मन बॉम्बहल्ल्यांमुळे लोक रात्र रात्र आसऱ्याच्या जागी काढत, आणि कित्येक जण कॅनव्हासच्या घडीच्या खुर्चीत बसूनच झोपत. कीथ सिम्पसन या न्यायवैद्यक डॉक्टरांच्या लक्षात आलं की फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकून दगावणारे वाढले आहेत. त्यांनी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये ते मांडलं. दोष होता तासन्‌तास न हलता बसण्याचा आणि मांडीखाली रुतणाऱ्या खुर्चीच्या पुढच्या दांडीचा. आपली ऑफिसची खुर्ची तेवढी निर्दय नसते आणि आपण मधून मधून उठतोही. पण शिरा त्याच, आणि गुरुत्वाकर्षणही तेच.

आता खरा चमत्कार पाहा. बसलेल्या माणसाचं हृदय पावलांपासून साधारण पाऊण मीटर वर असतं. म्हणजे पावलातल्या शिरांवर पाऊण मीटर उंचीच्या रक्ताचा भार. रक्तदाबाच्या भाषेत जवळजवळ ६० मिमी. हृदयाने १२० च्या जोराने ढकललेलं रक्त बारीक बारीक केशवाहिन्यांतून पार होईपर्यंत त्या जोरातला जेमतेम १५ उरतो. धमनीतून उतरणारा स्तंभ शिरेतून चढणाऱ्या स्तंभाला तोलतो, म्हणून प्रवाह थांबत नाही. पण शिरा मऊ, त्या फुगतात, रक्त तळाला रेंगाळतं आणि त्यातलं पाणी आजूबाजूला झिरपतं. मग ते रक्त वर खेचतं कोण?

तुमच्या सोसायटीतली व्यवस्था आठवा. तळटाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला पंप असतो आणि पाइपात बसवलेला एनआरव्ही. पंप थांबला तरी चढलेलं पाणी मागे येऊ नये म्हणून. तुमच्या पायातही अगदी हीच जोडी आहे! पंप म्हणजे पोटरीचे स्नायू, आणि एनआरव्ही म्हणजे शिरांच्या आतल्या पातळ झडपा. स्नायू आवळला की शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं, झडप मागचा दरवाजा लावून घेते. नुसतं उभं राहिल्यावर घोट्यापाशी शिरेतला दाब ९० च्या आसपास असतो. चालायला लागा, पाच-दहा पावलांत तो तिशीच्या खाली येतो. पाच-दहा पावलांत!

या झडपांची गोष्टही विलक्षण आहे. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात फॅब्रिशियस यांनी त्यांची बारकाईने चित्रं काढून १६०३ साली पुस्तक छापलं. त्यांना वाटलं, रक्त खाली धो धो जाऊन पायात साचू नये म्हणून निसर्गाने हे बांध घातले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वी यांनी त्याच झडपा उलट बाजूने पाहिल्या. या दारांतून खाली जाताच येत नाही, फक्त वरच जाता येतं! म्हणजे रक्त गोल फिरत असणार. १६२८ साली त्यांनी ते जगाला सांगितलं. त्यांचा प्रयोग तुम्ही आत्ता करू शकता. हात खाली सोडून मनगटाजवळची फुगलेली शीर एका बोटाने दाबा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त पुसून न्या. मधला तुकडा सपाट होतो आणि वरून भरून येत नाही. खालचं बोट उचला, झर्रकन भरतो.

पण बसल्यावर पोटरी काम करेल का? करेल, आणि इथे शरीररचना पुन्हा थक्क करते. पोटरीत मुख्य स्नायू दोन. वरचा फुगीर स्नायू गुडघ्याच्याही वर बांधलेला आहे, त्यामुळे गुडघा वाकला की तो सैल पडतो. त्याच्या खाली लपलेला चपटा सोलियस मात्र गुडघ्याखालीच सुरू होतो. बसल्या बसल्या टाच उचललीत की जवळपास सगळं काम हा एकटा करतो. त्याचे बहुतेक तंतू संथ आणि न दमणारे, दिवसभर राबण्यासाठीच घडवलेले. अट एकच. पाऊल कशावर तरी टेकलेलं पाहिजे. हवेत लोंबकळणाऱ्या पावलाला रेटायला काहीच नसतं.

मग आपले पाय लोंबकळायला लागले कधी? याचं उत्तर टेबलात आहे. टाइपरायटरच्या कळा यंत्राच्या उंचीमुळे वर असत, म्हणून टायपिंगचं टेबल लिहिण्याच्या टेबलापेक्षा मुद्दाम बुटकं करत. विक्रोळीत ज्यांची अख्खी वसाहत उभी आहे त्या गोदरेजने १९५५ साली भारतीय टाइपरायटर आणला, आणि ऑफिसांत त्या यंत्रासाठी वेगळी बुटकी टेबलं आली. पुढे घरोघरी कॉम्प्युटर टेबल आलं. आठवतंय ना, खालून बाहेर सरकणारा कीबोर्डचा ट्रे? तो ट्रे म्हणजे त्याच शहाणपणाचा वारसा होता. लॅपटॉपने तो ट्रे घालवला. कळा थेट टेबलावर चढल्या आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. २०२० साली तर बोरिवली-मुलुंडच्या वन-बीएचकेमध्ये जेवणाचं टेबल हेच ऑफिस झालं. कारखान्यातही तेच. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात १९७३ पासून बारीक कामाची बाकं मांडली गेली. बाक एकाच उंचीचं, त्यावर बसणारी माणसं मात्र सगळ्या उंचींची. भारतीय शरीरांची मापं नीट मोजून, डिझायनरला वापरता येतील अशी पुस्तकात मांडायला अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतल्या देबकुमार चक्रबर्ती यांना १९९७ साल उजाडावं लागलं.

आता आपलं गणित. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंमी. पाच फूट उंचीच्या बाईंचं कोपर बैठकीपासून साधारण २१ सेंमी वर येतं. कोपर टेबलाच्या पातळीला आणायचं तर बैठक हवी ५४ वर. पण त्यांच्या गुडघ्यामागपासून जमिनीपर्यंतचं अंतर असतं साधारण ३८. वजाबाकी करा: सोळा सेंटिमीटर! घरातली चप्पल घातली तर चौदा. बरं, पाच फूट सात इंचांच्या पुरुषाचं? साधारण ७५ वजा २३ म्हणजे ५२, त्यातून ४२ गेले, उरले दहा. उंच माणसाच्याही पायाखाली दहा सेंमीची पोकळी!

जेवणाच्या खुर्चीची बैठक ४५ सेंमीच असते, म्हणून पायाखालची पोकळी बरीच कमी राहते. पण मग खांदे वर ओढून टाइप करावं लागतं, आणि मान धरते. मानेचं दुखणं घेऊन फिरणाऱ्या कित्येकांना खरं तर बुडाखाली एक उशी आणि पायाखाली एक फळी, म्हणजेच फुटरेस्ट, हवी असते. म्हणून क्रम असा धरा: आधी कोपर, मग बैठक, शेवटी पाय. कोपर जमलं आणि पायही टेकले, तर फुटरेस्ट घेऊच नका. टेबलाखालची पट्टी मांडीला लागत असेल, तर जेवढं वर जाता येईल तेवढंच जा.

विकत घेण्याआधी फुकटची चाचणी करा. झेरॉक्सच्या कागदाचं पाचशे पानांचं रीम साधारण पाच सेंमी जाड असतं. दोन रिमं पायाखाली घ्या, दोन-तीन दिवस काम करा, मग तीन घेऊन पाहा. मांडीखालची कड रुतायची थांबते आणि गुडघे वर उचलल्यासारखे वाटत नाहीत, तो आकडा तुमचा. तो कागदावर लिहून ठेवा. दुकानात हाच मागायचा. गंमत म्हणजे पाय दहा सेंमी उचलले की पावलातल्या शिरांवरचा भारही सात-आठ मिमीने उतरतो. केवळ दोन रिमांनी!

दुसरं माप रुंदीचं. जर्मनीत ऑफिसातल्या फुटरेस्टसाठी स्वतंत्र मानकच आहे, डीआयएन ४५५६. त्यात पाय ठेवायची जागा निदान ४५ सेंमी रुंद आणि ३५ सेंमी खोल सांगितली आहे. आता माळ्यावरचा सागवानी जेवणाचा पाट काढून टेप लावा. बऱ्याच घरांतला पाट याच्या आसपास भरतो! एवढी रुंदी कशाला? पावलं सरकवता यावीत म्हणून. अरुंद फुटरेस्ट पाय एकाच जागी डांबून ठेवतो, आणि मग सोलियस झोपतो.

पाट दोन-अडीच इंचच उंच असतो, म्हणजे सहा सेंमी. पोकळी दहाची असेल तर त्याखाली पट्ट्या लागतील. गल्लीतल्या सुताराकडे पाऊण इंची प्लायचे कटपीस पडलेले असतात. त्यालाच सांगा, ४५ बाय ३५ ची फळी, टाचेकडची बाजू तुमच्या आकड्याएवढी, बोटांकडची सहा सेंमीने जास्त. म्हणजे साधारण दहा अंशांचा उतार. पंधरा अंशांच्या पुढे गेलात तर घोटा ताणला जातो. तळाला रबराची शीट चिकटवून घ्या, नाहीतर गुळगुळीत लादीवर फळी पळत सुटेल. जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात असं फुटकळ काम करून देणारे हात सापडतात.

तयार घ्यायचा तर हजाराच्या आतबाहेर भरपूर मिळतात. फोमचा अर्धगोल छान, कारण उलटा ठेवला की तो झुलतो आणि पोटरी आपोआप चालू राहते. शिलाई मशीनच्या ओतीव लोखंडी पायडलवर दिवसभर घोटा हलवणारे शिंपी याच तत्त्वावर काम करत आलेत. पण फोम अंगठ्याने दाबून पाहा. तो तीन सेंमी दबला तर दहाचा सातच उरला! कव्हरला चेन हवी, कारण जुलैत मुंबईच्या दमट हवेत ओल्या पायांनी न धुता येणारा फोम पंधरवड्यात वास मारतो. प्लॅस्टिकचा उंची बदलणारा घेतलात तर त्याचे खटके पाय देऊन तपासा. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. एकाच पोटरीला अचानक सूज आणि वेदना आली, तर तो फुटरेस्टचा विषय नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ऑफिसात बसत असाल तर मागायला संकोच करू नका. ब्रिटनमध्ये १९९२ पासून संगणकावर काम करणाऱ्या ज्या कुणाला फुटरेस्ट हवा असेल, त्याला तो द्यायलाच हवा, असा नियम आहे. आपल्याकडे मेल लिहावी लागते, तर नीट लिहा. नुसतं ‘फुटरेस्ट हवा’ नको. टाचेपाशी १२ सेंमी उंच, ४५ रुंद, ३५ खोल, थोडा उतार, तळाला रबर, असं लिहा. बाराच्या जागी तुमचा आकडा.