कोणता ब्राउन?

पारनेर-कर्जतकडे शेतात सौर पंप बसला की कौतुक पॅनेलच्या पुढच्या अंगाचं होतं. मागची काळी डबी कुणी उघडत नाही. तिच्यातले बायपास डायोड बहुधा शॉट्की जातीचे असतात: धातू आणि अर्धवाहक यांच्या सांध्यातून वीज एकाच दिशेला सोडणारे. पॅनेलच्या एका भागावर सावली पडली की वीज त्यांच्यातून वळते. नाहीतर तो भाग तापून करपेल. सांध्याचा हा गुण १८७४ मध्ये टिपला फर्डिनांड ब्राउन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने. त्याच्याविषयी नेमकं एवढंच सोडून बाकी सगळं सांगितलं जातं.

आधी नावाचा घोळ. शेव्हरवाली ब्राउन कंपनी काढली माक्स ब्राउनने, १९२१ मध्ये. अग्निबाणवाला व्हेर्नर फॉन ब्राउन तिसराच. आपला ब्राउन १८५० मध्ये फुल्डा गावी जन्मला.

सेमीकंडक्टर हे अमेरिकेचं अपत्य, असंही लोक धरून चालतात. १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर झाला हे खरं, पण त्याच्या ७३ वर्षं आधी ब्राउन लाइपझिगच्या शाळेत मास्तर होता. गॅलेनासारख्या सल्फाइडच्या खड्याला तारेचं टोक टेकवून त्याने पाहिलं, तर एका दिशेने वीज सहज जाई, उलट दिशेने अडे. ओहमच्या नियमात हे बसेना. कारण त्यालाही उमगलं नाही. ते वॉल्टर शॉट्कीने १९३८ मध्ये मांडलं. दरम्यान जगदीशचंद्र बोसांनी गॅलेनानेच रेडिओलहरी पकडल्या आणि १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळवलं.

मग ब्राउनचं नोबेल या शोधाचंच असेल? नाही. ते १९०९ मध्ये मार्कोनीसोबत, बिनतारी संदेशवहनासाठी मिळालं. ठिणगीचं मंडल अँटेनापासून वेगळं काढल्याने संदेश लांब जाऊ लागले, हे ब्राउनचं काम. आपल्या लक्षात मात्र मार्कोनी तेवढा राहिला.

उलट, टीव्हीचं श्रेय ब्राउनला जरा जास्तच मिळतं. जाडजूड जुन्या टीव्हीतली नळी त्याच्या १८९७ च्या नळीची वंशज, हे कबूल. पण ती त्याने बनवली झपाट्याने बदलणारा विद्युतप्रवाह डोळ्यांना दिसावा म्हणून. पेटंटही घेतलं नाही.

पेटंटच्याच एका खटल्यात साक्ष द्यायला तो १९१४ च्या अखेरीस न्यूयॉर्कला गेला आणि महायुद्धामुळे तिथेच अडकला. अमेरिका युद्धात उतरल्यावर शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला, तरी ब्रुकलिनमध्ये फिरायला मोकळा होता. तिथेच २० एप्रिल १९१८ रोजी वारला. हिंदुस्थानातल्या जर्मनांना एवढी मोकळीक नव्हती. त्यांना नगरच्या छावणीत डांबलं होतं. नगरला जर्मन कैदी आले ते दुसऱ्या महायुद्धात, असं मानणाऱ्यांनी हेही दुरुस्त करून घ्यावं.